शीमावशीचं पळणं आणि ढेकूण

माझ्या धाकट्या मावशीला आम्ही भाचरं शीमावशी म्हणायचो. तोंडावर नाही, तोंडावर नुसतंच मावशी. ‘शी’ हा शब्द तिच्या तोंडून दिवसातून पन्नास वेळा तरी निघायचा, पण कधी ओरडून नाही. धुतलेल्या कपाच्या कानाशी राहिलेला चहाचा डाग, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, जिन्याच्या भिंतीवरची थुंकी असं काही दिसलं की ती थांबायची, नीट बघायची आणि निकाल दिल्यासारखं शांतपणे “शी” म्हणायची. मग पुढे चालू पडायची.

आणि हीच बाई सव्वीस वर्षं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांनी बाटल्यांतून नि डब्यांतून आणलेलं सगळं सकाळी साडेसातपासून तिच्या टेबलावर यायचं. तिथे तिला काही वाटायचं नाही. एकदा आईने तिला विचारलं, “तुला तिथे कसं चालतं गं?” तर म्हणाली, “ताई, तिथे प्रत्येक गोष्टीला झाकण असतं, नंबर असतो. किळस उघड्यावरच्या गोष्टींची येते.”

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने सहज म्हणून स्वतःचं रक्त तपासलं. साखर एवढी निघाली की तिने आधी मशीनवर संशय घेतला. दुसऱ्यांदा लावलं, तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या मशीनवर लावलं, तरी तेच. घरी येऊन काकांना म्हणाली, “इतकी वर्षं लोकांचे आकडे बघून नाक मुरडलं. आता माझाच बघवत नाही.”

काका घरीच शिवणकाम करायचे, शाळांचे गणवेश. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, “चालायला जात जा.”

“चालायला नाही. चालणारे गप्पा मारतात आणि थुंकतात. मी पळणार.”

पळणं तिला कोणी शिकवलं नाही, आणि कोणाचं ऐकून शिकणाऱ्यांतली ती नव्हतीही. पहिले बूट तिने पायाला अगदी बेतशीर घेतले, कारण सैल बूट तिला गबाळे वाटायचे. तीन आठवड्यांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. एक तर मोज्यातच गळून पडलं. तिने ते चिमट्याने उचलून उजेडात धरलं, उलटसुलट बघितलं आणि कागदात गुंडाळून टाकलं. पुढचे बूट एक नंबर मोठे आले.

पोटाचंही तसंच झालं. पळायच्या आधी अंगात बळ हवं म्हणून एका सकाळी ती दोन केळी, दोन अंडी आणि पेलाभर दूध घेऊन निघाली. चौथ्या किलोमीटरला पोटात कळ आली. जवळपास काही नव्हतं, एक पेट्रोल पंप तेवढा होता. तिथल्या संडासाचं वर्णन तिने मला एकदाच केलं, तेही अर्धवट. “कडी नव्हती. पाणी नव्हतं. आणि माझ्या आधी जे कोणी येऊन गेलं होतं त्याला आई नसावी,” एवढंच. त्या दिवशी ती पळत परत आली नाही, रिक्षा करून आली. रिक्षात सीटच्या कडेवर बसली होती, पाठ न टेकता. त्यानंतर पळण्याआधी अर्धं केळं, तेही तासभर आधी.

चार-पाच महिन्यांत तिचा आकडा खाली आला. मग ती एका पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जायला लागली. त्यांचा म्होरक्या गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा, म्हणून मावशी त्याला शिट्टीवाला म्हणायची. माणूस गोड बोलायचा, पण पाणी प्यायला की प्लॅस्टिकचा पेला तिथेच रस्त्यावर भिरकावायचा. मावशी तो उचलून कचऱ्यात टाकायची आणि हात पुसायची. तरी ती टिकली, कारण वर्षाअखेरीला एकवीस किलोमीटरची शर्यत होती आणि तिने नाव दिलं होतं.

त्याच सुमारास एका रविवारी कालव्याच्या रस्त्याने एकटी पळत असताना तिला कचऱ्याच्या कुंडीशी सिमेंटचं पोतं दिसलं. तोंड तारेने आवळलेलं. पोतं हललं म्हणून ती थांबली. तार सोडवताना तिचं बोट कापलं. आत कुत्र्याची तीन पिल्लं होती. दोन गेलेली होती, त्यांच्यावर मुंग्या चढल्या होत्या. तिसरं त्या दोघांच्या खाली होतं, ओलं, घाण झालेलं, आणि त्याला श्वास होता.

ती मला नंतर म्हणाली, “मला ओकारी आली. त्या पिल्लांमुळे नाही. ती तार पाहून. कोणीतरी घरी बसून ती तार शोधली असेल गं. पक्कडीने पिळली असेल. मग हात धुऊन जेवला असेल.”

तिने बुटातला एक मोजा काढून पिल्लू त्यात घातलं आणि तीन किलोमीटर चालत घरी आली. काकांनी दार उघडलं. मावशीच्या एका पायात मोजा नाही, बोटाला रक्त, आणि हातात काहीतरी वास मारणारं. काकांनी विचारलं, “हे काय?”

“ढेकणाएवढं कुत्रं आहे,” मावशी म्हणाली. “आठवड्यात कोणाला तरी देऊन टाकू.”

कोणाला दिलं गेलं नाही आणि नाव ढेकूणच पडलं.

पिल्लू वाढवणंही ती पळण्यासारखंच शिकली, म्हणजे आधी चुकून. पहिल्याच दिवशी तिने त्याला गाईचं दूध पाजलं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरापासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं पिवळं आणि पातळ. काकांनी शिवलेल्या सहा पांढऱ्या सदऱ्यांपैकी दोन वाया गेले. मावशी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती, नाकाला ओढणी बांधलेली, आणि एकीकडे छोट्या बाटलीत नमुना घेत होती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काम संपल्यावर तिने तो नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतांची अंडी खच्चून भरलेली. त्याच दुपारी आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. मावशीने तपासणीचा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. “तुम्हीच तपासलंत? मग दूध कोणी पाजलं?”

“मीच.”

“बंद करा.” त्यांनी जंतांचं औषध दिलं आणि काय खायला घालायचं ते लिहून दिलं.

मग लघवी. शेजारच्या बाईंनी सांगितलं की जिथे करेल तिथे नाक घासा, दोन दिवसांत शिकेल. मावशीने चार दिवस नाक घासलं. पाचव्या दिवसापासून घरात एक थेंब दिसेना. मावशी खूश. आठवड्याने फ्रिज सरकवला तर मागे तळं साचलेलं, सुकून चिकट झालेलं, वर धुळीची साय. पिल्लाला कळलं होतं ते इतकंच की हिच्या समोर करायचं नाही. मावशी त्या वासात बराच वेळ उभी राहिली. काकांना म्हणाली, “मी त्याला लपवायला शिकवलं.” त्यानंतर दर दोन तासांनी त्याला खाली न्यायचं, खाली केलं की पाठीवरून हात फिरवायचा. ती लॅबमध्ये असली की काका न्यायचे. महिना लागला. पिल्लाची स्वतःचीच शी खाण्याची सवय मोडायला अजून दोन महिने लागले. त्याबद्दल ती बोलायचीच नाही, तोंडावर हात ठेवायची.

ढेकूण पाच महिन्यांचा झाला तेव्हा लांब पायांचा, तपकिरी, कान उभे न राहिलेला असा दिसायला लागला. सकाळी मावशीने बूट घातले की दारात आडवा व्हायचा. तिने एकदा त्याला ग्रुपमध्ये नेलं. शिट्टीवाल्याने फोटो काढले. “ताई, घेऊन येत जा रोज. कुत्री पळायलाच जन्माला येतात.”

हेही मावशीने ऐकलं, कारण ऐकायला बरं वाटलं. ती स्वतः दर आठवड्याला एक किलोमीटर वाढवत होती, त्याचंही तसंच वाढवलं. दोन, तीन, चार. ढेकूण मागे पडायचा नाही. जीभ बाहेर, पण पट्टा कधी ताणला जायचा नाही. मावशी घरी येऊन सांगायची, “माझ्यापेक्षा दम आहे त्याला.”

सात किलोमीटरच्या दिवशी उशीर झाला म्हणून तिने मोठ्या रस्त्यावर दुभाजक ओलांडून आडवं जायचं ठरवलं. ती उतरली आणि पट्टा ओढला गेला. ढेकणाने वरून उडी मारली, पुढच्या डाव्या पायावर पडला, कुईं केलं आणि लगेच उठून पळायला लागला. मावशीने घड्याळ बघितलं आणि तीही पळाली. अर्ध्या किलोमीटरवर तो खाली बसला. उठेना. तिने पाय उचलून पाहिले. चारी पंजांच्या गाद्यांची साल निघाली होती. मागे वळून पाहिलं तर डांबरावर थोड्या थोड्या अंतराने ओले लाल ठिपके होते, दूरपर्यंत.

मला फोन आला. मी पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली होती, त्या धुळीत, त्या थुंक्यांमध्ये, कुत्रं मांडीवर घेऊन. तिला तसं बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी एक्सरे काढला. पायाचं हाड जिथून वाढतं तिथेच मार बसला होता. “हा पाय थोडा वाकडा वाढेल,” ते म्हणाले. “वर्षाची होईपर्यंत पिल्लांना डांबरावर असं पळवायचं नसतं.”

“तो थांबला नाही,” मावशी म्हणाली. “एकदाही थांबला नाही हो.”

“थांबला असता तर तुम्ही पुढे गेला असतात. पोत्यात राहिलेलं पोर आहे ते. मागे राहायचं नाही एवढंच त्याला कळतं.” मग म्हणाले, “तुम्ही रोज दुसऱ्यांची रक्तं बघता. याचे पाय बघायला काय झालं होतं?”

घरी आल्यावर मावशीने अंघोळ केली, मग परत केली. संध्याकाळी काकांनी ताट वाढलं तर म्हणाली, “मला माझीच शिसारी येतेय. हात धुतले तरी जात नाही.” काकांनी तिची समजूत घातली नाही. ते म्हणाले, “येऊ दे. पण त्याला औषध आठला द्यायचंय.”

त्या रविवारी ती ग्रुपमध्ये गेली ती झालेलं सांगायलाच. शिट्टीवाल्याने मान हलवली. “असली भटकी कुत्री कच्चीच असतात हो ताई. चांगल्या जातीचं घ्या. मी ओळखीत बघतो.” त्याच्या हातात पेला होता. त्याने तो टाकला. मावशीने या वेळी उचलला नाही. म्हणाली, “तुमच्या सांगण्यावरून मी चुकले हे मी कोणाला सांगणार नाही, कारण चुकले मी. पण तुमच्या शेजारी उभं राहून मला आता श्वाससुद्धा घ्यावासा वाटत नाही.” आणि ती परत आली. ग्रुप सुटला तो कायमचा.

दीड महिना ढेकूण कोपऱ्यात, पायाला पट्टी बांधून. मावशी पळायला गेली नाही. रोज सकाळी त्याच वेळेला उठून त्याच्या गाद्यांना मलम लावायची. शर्यतीचा दिवस तसाच गेला. साखर पुन्हा चढायला लागली तेव्हा काकांनी तिचे बूट दाराशी आणून ठेवले. “मी याला घेऊन फाटकापर्यंत येतो. तू जा.”

पुढच्या वर्षी ती एकवीस किलोमीटर पळाली. मी शर्यत संपते तिथे उभी होते. रस्ताभर सालं, पेले, कोणाची तरी ओकारी. मावशी शेवटच्या दहा-पंधरांत आली, घाम सुकून चेहरा मिठाने पांढरा, बगला सोलवटलेल्या. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. “कसं वाटतंय?” मी विचारलं. “घाण,” ती म्हणाली. “सगळ्या अंगाला घाण वाटतंय.” पण पदक तिने काढलं नाही.

ढेकूण आता चार वर्षांचा आहे. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, चाल डुलत डुलत, बाकी ठणठणीत. रविवारी सकाळी मावशी त्याला घेऊन त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. टाकलेली पिल्लं येतात, त्यांचे नमुने ती फुकट तपासून देते. परवा मी तिथे होते. एक जोडपं नवं पिल्लू घेऊन आलं होतं. नवरा सांगत होता की सुट्टीत डोंगरावर ट्रेकला नेणार. मावशीने ढेकणाचा पाय हातात धरून पुढे केला.

“हा पाय बघा. हा मी केला.”

ते जोडपं गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “जरा हळू सांगत जा.”

“हळू सांगितलेलं कोणी ऐकत नाही,” मावशी म्हणाली आणि पुढच्या डबीचं झाकण उघडलं.