पटावर नाव नसताना

मित्रहो, हा कागद आपल्या गल्लीच्या मंडळाच्या फलकावरून कोणी काढू नका.

गेल्या वर्षी कॉलेज सोडलेला मी आज सकाळी कॅल्क्युलसच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्या वर्गातल्या सुधासाठी गेलो होतो, खोटं कशाला बोलू? इथल्या रीतीप्रमाणे मुली प्रोफेसरांच्या मागोमाग आत आल्या. मला पाहून तिने घाईने वही उघडली.

सरांनी फळ्यावर डीवाय बाय डीएक्स लिहून विचारलं, "वरचा-खालचा डी का छाटता येत नाही?"

मी उठलो. "डी ही सुटी संख्याच नाही, सर. डीएक्स म्हणजे एक्समधला इवलासा बदल."

"शाबास! रोल नंबर?"

"पटावर नाव नाही, सर."

"मग बाहेर व्हा."

"गेल्या वर्षी मी हेच विचारलं, तेव्हा तुम्ही पाठ करा म्हणालात. म्हणून तर कॉलेज सोडलं. घरी वर्षभर डोकं फोडून शिकलोय."

तेवढ्यात सुधा उभी राहिली. भर वर्गात! "सर, मला हे आत्ताच समजलं. त्यांना बसू द्या."

सरांनी दार दाखवलंच. तिचे वडील हे वाचतील, खुशाल वाचोत. गुरुवारच्या तासाला मी पुन्हा त्याच बाकावर असेन. समजून घ्यायला पटावर नाव कशाला लागतं, सांगा ना कोणीतरी!