विगमध्ये पुन्हा धरलेली जट

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शहाणपण शिकवायला नको. या सदरात येणारे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचलेत. अंगात येणं, करणी, बाहेरचं... या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. वय सव्वीस, राहते उस्मानपुऱ्यात, घर बौद्ध, घरात देव्हारा कधीच नव्हता. 'पुरावा दाखवा, मग बोला' ही ओळ मी इतक्या वेळा छापलीय की झोपेतही लिहीन. आता पुरावा माझ्याकडेच आहे, आणि तो कुणाला दाखवावा हे मला कळत नाही.

जे घडलं ते सगळं दिवसाउजेडी घडलं. वाट चुकणं नाही, अमावस्या नाही. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी.

आमचा गट बायकांच्या डोक्यातल्या जटा कापण्याचं काम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — केसांत गुंता होतो, तो कुणी विंचरत नाही, घाम-धूळ बसून त्याची दोरीसारखी जट होते. मग घरचे म्हणतात, देवी आली. झालं. ती बाई आयुष्यभर ते ओझं मानेवर वागवते. खाज, उवा, मानदुखी, धड आडवं होता येत नाही. आणि हात लावायचा नाही म्हणे. कुणी ठरवलं? ज्यांच्या स्वतःच्या डोक्यात जट नाही त्यांनी.

इंदूबाई पैठणच्या अलीकडच्या एका गावातल्या, पंचावन्नच्या पुढच्या. मागे तीन जटा. डावीकडची सगळ्यात लांब, टोकाला आकड्यासारखी वळलेली. दर मंगळवारी त्यांना हळद लावायच्या. सहा महिने मी त्यांच्याकडे खेटे घालत होते, त्या हसून चहा पाजायच्या आणि परत पाठवायच्या. मग त्यांच्या नातीच्या, पूनमच्या, मानेवर गुंता दिसायला लागला. पूनम नऊ वर्षांची. इंदूबाईंचा मुलगा म्हणाला, आजीची देवी पोरीकडं आली, आता हिची शाळा बंद.

तेव्हा इंदूबाईंनीच मला बोलावून घेतलं.

"माझी काप," त्या म्हणाल्या. "पोरगं म्हणतंय, वरीसभर बघू, तवर शाळा चालू. मला काय झालं नाय तर पूनमची बी कापू देईल. पर माझी एक अट हाय. कापलेलं गंगेत सोडायचं. कचऱ्यात नाय, जाळायचं बी नाय. मला ते बघवायचं नाय, तू तुझ्या हातानं सोड."

पैठणकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी म्हणाले, "शब्द दिला, मावशी."

दीड तास लागला कापायला. कापून झाल्यावर त्यांनी मान डावी-उजवीकडे फिरवली आणि म्हणाल्या, "अगं बया, डोकंच नसल्यावानी वाटतंय." सगळे हसलो. मी जटा पिशवीत घातल्या, पैठणच्या स्टँडवर आले... आणि समोर लागलेल्या एसटीत बसले. नदी दहा मिनिटांवर होती.

का? तर मला ते पटत नव्हतं म्हणून. केसांचं विसर्जन म्हणजे पुन्हा तीच पूजा मागच्या दाराने, असं माझं लॉजिक. खोट्या गोष्टीसाठी दिलेला शब्द मोडला तर तो मोडलाच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय डोक्यात एक कल्पना होती.

मुकुंदवाडीत नसीम आपा माणसाएवढ्या कापडी बाहुल्या शिवतात. दुकानांसाठी, शाळांसाठी, बाळंतपणाच्या शिबिरांसाठी. आमच्या गटासाठी त्यांनी एक बाई शिवली होती, सव्वापाच फूट, खुर्चीत बसणारी. मला तिच्या डोक्यावर खरे केस हवे होते. गावोगावी डेमो करायचा: बघा, ज्यांना तुम्ही देवी म्हणता ते धुतले, विंचरले की नुसते केस असतात. एका पत्रकापेक्षा शंभरपट भारी.

आपांनी पिशवी उघडून नाकाशी पदर धरला. "उस औरत कू पूछी ना तू?"

"हो आपा, विचारलंय."

दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

तीन आठवडे आपा दाभण आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन ते सोडवत होत्या. अर्धे केस तुटले. उरलेले त्यांनी अठरा इंचांवर एकसारखे कापले, पट्ट्या करून जाळीच्या टोपीवर शिवले. पुढच्या बाजूला कमी पडले तिथे नायलॉनचे लावले. विग सुंदर झाला होता, खोटं कशाला बोलू.

बाहुली सांभाळणं हे वेगळंच काम असतं. अंगाचं कापड टेडीसारखं, मऊ लवीचं. पाण्यात बुडवायची नाही, आतलं फायबर गोळा होतं. आधी ब्रशने धूळ झटकायची, मग साबणाच्या नुसत्या फेसाने पुसायचं, ओल्या फडक्याने फेस उचलायचा, सावलीत वाळवायची, वाळल्यावर लव उलट्या बाजूने ब्रश करून उभी करायची. विग वेगळा काढून टोकाकडून वर विंचरायचा, कोमट पाण्यात न चोळता धुवायचा आणि थर्माकोलच्या डोक्यावर वाळत ठेवायचा. दर डेमोनंतर हे सगळं मी आपांच्या शेडमध्ये बसून करायचे.

पहिल्यांदा धुतला तेव्हा पाणी पिवळं आलं. हळद मुरलेली असणार. पाचव्यांदा धुतला तेव्हाही तितकंच पिवळं आलं. रंग पक्का दिसतोय, मी म्हटलं.

मग बाहुलीच्या पाठीवरची लव दबायला लागली. पाठभर नाही. तीन पट्ट्यांत, मानेपासून खाली, डावीकडची पट्टी सगळ्यात लांब. मी ब्रश करून उभी करायचे, पुढच्या वेळी पुन्हा तसंच. जसं काही तिथं रोज काहीतरी जड टेकत होतं. विगचं वजन किती? एका गजऱ्याएवढं.

त्यानंतर गुंता. मागे, डावीकडे, अगदी टाळूच्या जाळीपाशी. सोडवला. आठवड्याने त्याच जागी पुन्हा.

आपांकडे त्याला कारण होतं. "बेटा, कटे हुए बाल उलटे-सुलटे हो जाते. किसी का मूळ वर, किसी का टोक वर. ऐसे बाल घासले की गाठ बसतीच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी लगेच वहीत लिहून घेतलं, पुढच्या पत्रकात घालायला.

त्याच दुपारी इंदूबाईंचा फोन आला.

"पोरी, मान लई दुखायलीय गं. डाव्या अंगानं. जट व्हती तवा दुखायची तशीच."

"डॉक्टरांना दाखवा, मावशी. इतक्या वर्षांचं ओझं होतं, स्नायू—"

"तू सोडलं ना गंगेत?"

फोन कानाला, दुसऱ्या हातात विग. "व्हय मावशी, सोडलं."

"मग ठीक. पोरगं माझ्या मानंकडंच बघत बसतंय बघ दिसभर."

पुढचे दोन महिने हेच चाललं. इकडे एका गुंत्याचे तीन झाले, तिकडे इंदूबाईंची मान डावीकडे झुकायला लागली. एक्स-रे काढला, काही निघालं नाही. शेवटी मुलाने पूनमची शाळा सोडवली. वर्ष पुरं व्हायच्या आतच.

मी हादरले होते, पण जे शिकले होते तेच केलं. चाचणी. विग धुतला, विंचरला, एकेक केस सुटा केला, थर्माकोलच्या डोक्यावर टाचण्यांनी बसवला. चारी बाजूंनी फोटो. मग खोक्यात ठेवून चिकटपट्टीने बंद, आणि पट्टीवर तीन सह्या: माझी, आपांची आणि आमच्या गटातल्या प्रशांतची.

"मेघा, बाबाला पकडतात तसं विगला पकडायला निघालीस तू," प्रशांत म्हणाला. "कबुलीजबाब घेऊ का त्याचा?"

खोकं आपांच्या कपाटात आठ दिवस होतं. कपाटाला कुलूप, शेडला कुलूप. नवव्या दिवशी दुपारी आम्ही तिघांनी सह्या तपासल्या. पट्टी जशीच्या तशी होती. मी ब्लेडने कापली.

आत तीन जटा होत्या.

गुंता नाही. जटा. दोरीसारख्या पिळलेल्या, घट्ट, वाळलेल्या. डावीकडची सगळ्यात लांब, टोकाला आकडा. पुढचे नायलॉनचे केस मी विंचरले तसेच सरळ. टाचण्या जागच्या जागी. आणि हळदीचा वास, ताज्या हळदीचा.

आपांनी गळ्यातला टेप काढला आणि लांब जट मोजली. पुन्हा मोजली. मग टेप माझ्या हातात दिला.

"तू नाप."

सत्तावीस इंच. आपांनी अठरावर कापले होते. मी तीनदा मोजलं. माझ्या बोटांना ती जट कोमट लागली... पत्र्याची शेड होती, गरम होणारच, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. पण शेजारची कात्री थंड होती.

प्रशांत दाराशी जाऊन उभा राहिला होता. "जाळून टाक. आजच. हे बाहेर गेलं तर आपलं इतक्या वर्षांचं काम गेलं. ते म्हणतील, देवी जिंकली."

"तू सही केलीयस, प्रशांत."

"मी काही बघितलं नाही."

आपा माझ्याकडेच बघत होत्या. "एक बात बोल. उस औरत कू तू पूछीच नव्हती ना?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातून टेप घेऊन गुंडाळला. "पहले उसके पास जा. बाकी सब बाद में."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. पिशवी मांडीवर. पूर्ण रस्ता मला तिचं वजन वाढतंय असं वाटत होतं. ते फक्त वाटणं होतं, मान्य. तरी पाय बधिर झाले होते.

इंदूबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. मान डावीकडे, खांद्याला टेकायला आलेली. शेजारी पूनम, डोक्याला रुमाल, शाळेच्या वेळेला घरात.

"मावशी, मी सोडले नव्हते केस."

त्यांचा हात सुपात थांबला. "कुठं व्हते मग?"

"बाहुलीच्या डोक्यावर. लोकांना दाखवायला."

"किती गावात दाखवलं?"

"अकरा."

"माझं नाव घेत व्हतीस का?"

"नाही. नाव कधीच नाही घेतलं."

"मग काय म्हनत व्हतीस?"

मी अकरा गावांत माइकवर जे बोलले ते मला त्या ओसरीवर बोलता येईना. "एका अडाणी बाईचे केस... असं."

"अन् मी तुला च्या पाजायचे," इंदूबाई म्हणाल्या.

पिशवी उघडून त्यांनी जटेला हात लावला. घाबरल्या नाहीत. नवल वाटल्यासारखंही काही दिसलं नाही. मी रडत माफी मागायला लागले, देवीबद्दल काहीतरी बरळले, तेव्हा त्यांनी मला गप्प केलं.

"देवीचं देवी बघंल. शबुद तू मला दिला व्हतास. मी काय दगड हाय का?"

मग त्यांनी पूनमला गुडघ्यांत बसवलं, रुमाल सोडला आणि आतून कात्री मागवली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू नगं. तुझ्या हातानं नाय." सून दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, ह्यांना घरी येऊ द्या की." इंदूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, म्हातारीनं कापली. मान मोडली तर माझी मोडंल." आणि सपसप चार वेळा कात्री चालवली. पूनमने मोकळ्या मानेवरून हात फिरवला आणि आजीकडे बघून हसली.

नदीवर आम्ही तिघी गेलो. मला त्यांनी पायरीवरच थांबवलं. आधी पूनमचे केस सोडले, मग विग. मी डोळे उघडे ठेवून बघत होते, शपथेवर सांगते. पाण्याला टेकताच त्या तिन्ही जटा सुटल्या. आठ दिवस वाळलेला तो पीळ, जो आपांच्या दाभणाने तीन आठवड्यांत सुटला होता, तो एका क्षणात सुटला आणि सरळ विंचरल्यासारखे केस पाण्यावर पसरले. भोवती हाताएवढं पाणी पिवळं झालं. मग काही दिसेना.

पूनम शाळेत जाते. केस बारीक आहेत, गुंता नाही. इंदूबाईंची मान हळूहळू सरळ होतेय असं सुनेने कळवलं. त्याचं एक्सप्लनेशन मी देऊ शकते, मनावरचा ताण वगैरे. पण बंद खोक्यातले अठरा इंच सत्तावीस कसे झाले? इंदूबाईंना तर खोक्याचा पत्ताही नव्हता. फोटो आहेत, सह्या आहेत. ज्यांना शास्त्रातलं कळतं अशा दोघांना विचारलं. एकाने मला काही दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने फोटो पाहून विषय बदलला. मी अजूनही देवी मानत नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं नाही असं प्रशांतसारखं म्हणता येत नाही मला.

काम सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावात एक बाई कापायला तयार झाली. मी कात्री काढली तेव्हा तिने विचारलं, "केसांचं काय करनार?"

"तुम्ही सांगाल ते. तुमच्यासमोर."

"अन् नाय केलं तर काय व्हतं?"

याचं उत्तर आमच्या प्रत्येक पत्रकात आहे, मोठ्या अक्षरांत, मीच लिहिलेलं: काहीही होत नाही. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, तिच्या मागे पाच-सहा बायका थांबल्या होत्या. मला ते तीन शब्द म्हणता आले नाहीत.