सीलबंद पाकीट

परदेशातल्या विद्यापीठाला माझी गुणपत्रकं कॉलेजच्या सीलबंद पाकिटातच हवी होती. एम.एस.च्या प्रवेशाची ती शेवटची अट होती आणि मुदतीला दहा दिवस उरले होते. शिरूरच्या कॉलेजातून पाकीट आणून मी न्हावरे गावातल्या आमच्या घरी टेबलावर ठेवलं आणि जेवायला बसले. हात धुऊन आले, तेव्हा चुलते माझी गुणपत्रकं शेजाऱ्यांना दाखवत होते.

"आप्पा, फोडलेलं पाकीट तिथं घेत नाहीत."

"घरच्या माणसानं बघितलं तर काय झिजतंय व्हय? डिंक लाव. तिकडच्या साहेबाला काय कळतंय?"

"शिक्क्यावरूनच फाडलंय तुम्ही."

"लय शिकलीस. आता चुलत्यालाबी शिकव."

शेजारी हसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कॉलेज गाठलं. नव्या पाकिटासाठी अर्जात कारण द्यायचं होतं. "चुकून फाटलं म्हणून लिही," असं आईनं निघताना बजावलं होतं. चुकून काहीच फाटलं नव्हतं. 'चुलत्यांनी मला न विचारता उघडले,' असं मी लिहिलं.

क्लार्क म्हणाले, "घरच्यांबद्दल असं लिहितात का?"

"झालं तेच लिहिलंय. पाकीट कधी मिळेल?"

चौथ्या दिवशी मिळालं. ते घरी न नेता मी शिरूरमधूनच कुरिअरला दिलं.