भर पाण्यातला कोरा चहा

पौषातल्या सकाळी धरणाच्या पाण्यावर इतकं धुकं असतं, की लाँचच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही दिसत नाही. पलीकडच्या गावातल्या शाळेत शिकवायला मी रोज याच लाँचने जाते. धुकं फारच दाटलं, की लाँच चालवणारे तात्या भर पाण्यात इंजिन बंद करतात आणि ते विरायची वाट बघतात.

मग इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवलेली किटली खाली उतरते. आलं, गवती चहा आणि गूळ घालून उकळलेला कोरा चहा! चालत्या लाँचमध्ये तो पेल्यातून हिंदकळतो, म्हणून थांबल्यावरच मिळतो. घरचा चहा मी उभ्यानं पिते, एक डोळा घड्याळावर ठेवून. इथे मात्र दोन्ही तळवे पेल्याभोवती लपेटून बसते. शाळेची घंटा चुकणार हे ठाऊक असतं, पण पाण्याच्या मधोमध ना घर हाक मारतं, ना शाळा.

काल आकाश लख्ख होतं. पलीकडे शाळेचे पत्रे चमकत होते. तरी तात्यांनी मध्येच इंजिन बंद केलं.

"अहो तात्या, आज धुकं कुठंय?" मी विचारलं.

तात्या किटली उतरवू लागले. माझ्या शेजारी बसलेल्या ठकूआत्यांनी पेला पुढं केला.

"मला तर पलीकडचं काय बी दिसंना, बाई."

मी शाळेकडे पाठ करून बसले आणि माझाही पेला पुढं धरला.