पाठीतल्या तारखा

तिला सगळे दाभणमावशी म्हणत, पण तोंडावर नाही. तोंडावर नुसतं मावशी. एकतीस वर्षं तिनं कारखान्यात बॅगांचे कातडी पट्टे शिवले होते, त्यामुळे दाभण हातात तर होतंच, जिभेवरही येऊन बसलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा नवऱ्याला धास्ती पडली, की आता ही दिवसभर घरी बसणार आणि आपल्यालाच टाके घालणार. म्हणून त्यानं आपणहून तिला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद करून टाकलं.

तिनं घरी आणलेलं पहिलंच पुस्तक तिसऱ्या दिवशी तिच्या हातात सुटं झालं. जहाजावरच्या एका स्वयंपाक्यानं लिहिलेलं होतं ते. मावशी ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचणारी. तिला एवढ्यात त्या स्वयंपाक्याला सोडायचं नव्हतं. तिनं मेणाच्या दोऱ्यानं, पट्ट्याला घालतात तसा दुहेरी टाका घालून पुस्तक शिवलं. ग्रंथपालबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, रागावल्या नाहीत, मागच्या खोलीतलं एक कपाट तेवढं उघडून दाखवलं. आत फाटक्या पुस्तकांचा ढीग होता. ‘‘मावशी, ही पण आहेत,’’ त्या म्हणाल्या.

तिथून दर शुक्रवारी पाच जण बेसिनशेजारच्या त्या खोलीत जमू लागले. त्यांनी स्वतःला ‘वाचनालयाचे सोबती’ असं नाव दिलं. निवृत्त हेडमास्तरांना बोलता येत होतं म्हणून ते अध्यक्ष झाले, आणि मावशीला काम येत होतं म्हणून काम तिच्याकडे आलं. जगात असंच चालतं.

पहिल्या पुस्तकापासून तिची पद्धत ठरलेली. पुस्तक कुणी नेलं की शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो; फार वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची चिठ्ठी शिक्क्यांनी काळी होऊन जाते. मावशी ती आधी काढायची आणि नवी कोरी डकवायची. अंघोळ झाल्यावर मळका सदरा कोण घालतं, असं तिचं म्हणणं. जुनी चिठ्ठी मात्र ती टाकत नसे. ज्या कातड्याची बॅग त्याच्याच तुकड्यानं पट्टा आतून भरायचा, हे कारखान्यात अंगवळणी पडलेलं. तसं ज्या पुस्तकाची चिठ्ठी ती त्याच पुस्तकाच्या पाठीत, पुठ्ठ्याच्या आतून, खळ लावून बसवायची. पाठ ताठ राहायची.

मग महिन्याभरातच छप्पर गळलं. देवघेवीच्या रजिस्टरांचा लगदा झाला आणि दुरुस्तीसाठी वाचनालय आठ महिने बंद पडलं. सोबत्यांना मोकळं रान मिळालं. तेवढ्यात मावशीनं तीनशे बारा पुस्तकं धडधाकट केली.

वाचनालय उघडायच्या तोंडावर मुख्य कार्यालयात नवे साहेब आले. जागा कमी पडते, ते म्हणाले. तीन वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही ते पुस्तक रद्दीत घाला. ग्रंथपालबाईंना कुणी विचारलंच नाही. कार्यालयाची माणसं आली, त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि वीस पानांची यादी टाइप करून दाराला लटकवली.

शुक्रवारी मावशीनं ती बोट ठेवून वाचली. तिसऱ्याच ओळीत जहाजावरचा स्वयंपाकी. त्याच्याखाली तिनं शिवलेलं पुस्तक, मग पुन्हा तिनं शिवलेलं. लोकांनी वाचून वाचून फाडली तीच पुस्तकं तिनं शिवली होती आणि तिनंच त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या केल्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘मीच मारली हो पुस्तकं,’’ ती घरी येऊन म्हणाली.

‘‘मग आता हातावर हात धरून बसणारेस का?’’ नवरा म्हणाला. ‘‘बसलेली तू मला परवडत नाहीस.’’

हेडमास्तरांनी निवेदन द्यायचं ठरवलं. मावशी म्हणाली, ‘‘रद्दीची गाडी सोमवारी येतेय. तुमचं निवेदन पोचेपर्यंत पुस्तकांचा लगदा होऊन त्याचा नवा कागद निघेल, त्यावर दुसरं निवेदन लिहा.’’

सोमवारी दाराशी ट्रक उभा होता, पुस्तकं टेबलावर रचलेली होती, आणि टेबल आणि दार यांच्यामध्ये मावशी होती. हातात कातडं कापायची रापी.

‘‘बाजूला व्हा,’’ साहेब म्हणाले.

‘‘चूक माझी आहे साहेब. मला बोला हवं ते. या पुस्तकांनी काय घोडं मारलंय तुमचं?’’ आणि तिनं चिठ्ठ्यांची सगळी हकिगत सांगितली.

‘‘ठीक आहे, पण पुरावा काय?’’

‘‘आहे की. शिवून ठेवलाय.’’

तिनं स्वयंपाक्याचं पुस्तक उचललं. स्वतः घातलेला टाका तिनं आजवर कधी स्वतः कापला नव्हता. फार जिवावर आलं. पण कापला. पुठ्ठा उसवून तिनं पाठीतली चिठ्ठी सोडवली आणि साहेबांसमोर पसरली. वर पुस्तकाचा दाखल क्रमांक, खाली दाटीवाटीनं शिक्के, शेवटचा छप्पर गळायच्या आदल्या महिन्यातला.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ‘‘एकावरून तीनशे बारा कशी मानायची?’’

‘‘मानू नका. खुर्ची घ्या.’’

तिनं दुसरं उघडलं, मग तिसरं. ग्रंथपालबाई क्रमांक आणि तारखा मोठ्यानं वाचू लागल्या. हेडमास्तरांनी निवेदन खिशात घातलं आणि रापी मागितली. ‘‘तुम्ही चिठ्ठ्या धरा, तुमचा हात थरथरतो,’’ मावशी म्हणाली. ट्रकवाला इंजिन बंद करून आत आला आणि भिंतीला टेकून बघत राहिला. मावशीनं मान वर केली नाही. दर टाक्याला तिला आपलंच बोट कापल्यासारखं वाटत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता.

एकोणिसाव्या पुस्तकाला साहेब उठले. ‘‘पुरे. समजलं मला. उरलेली फोडू नका.’’

‘‘समजलं ते तुमच्याजवळ राहिलं. लिहून द्या.’’

‘‘शब्द देतोय ना मी.’’

‘‘तुमची उद्या बदली झाली की शब्द तुमच्याबरोबर जाणार. लिहून द्या.’’ तिनं विसावं पुस्तक उचललं.

साहेबांनी दारावरची यादी काढून आणली, पहिल्या पानावर ‘संपूर्ण यादी रद्द’ असं लिहून सही केली. ‘‘झालं समाधान?’’

‘‘कसलं समाधान? एकोणीस पुस्तकं पुन्हा शिवायचीत.’’

ट्रक रिकामाच गेला.

शुक्रवारी सोबती जमले. मावशीनं आधी स्वयंपाक्याचं पुस्तक घेतलं. काळी झालेली चिठ्ठी या खेपेला तिनं शेवटच्या पानावर उघड्यावर डकवली, कोरी तिच्या खाली. त्यामुळे पाठ रिकामी राहिली. ग्रंथपालबाई जाड कागद शोधायला उठल्या.

‘‘बसा,’’ मावशी म्हणाली आणि तिनं साहेबांची यादी पुढे ओढली.

‘‘अहो मावशी, कार्यालयाचा कागद आहे तो. फायलीला लागेल.’’

‘‘सहीचं पान लावा फायलीला. राहिली एकोणीस.’’

तिनं दुसऱ्या पानाला खळ लावली, घडी घालून ते पुस्तकाच्या पाठीत बसवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. कागद चांगला जाड होता.