डावीकडच्या फासळीखाली

बाळ माझ्या पायांवर पालथं होतं. पाठीवर पाणी सोडत होते, तेवढ्यात त्याचं अंग ताठ झालं. सरळ केलं तर डोळे वर गेलेले, ओठ काळपट, एक हात झटके देत होता. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि बाथरूमच्या बाहेर आले.

"केदार, अँब्युलन्स बोलाव."

"काय झालं?" त्याची आई शैलाताई स्वयंपाकघरातून विचारत आल्या.

"आकडी आलीय. आधी फोन करू द्या त्याला."

मी इथे जपानात, टोकियोच्या एदोगावा भागात, बाळंतिणींचं करते. माझा मुलगा इथे नोकरीला आहे, त्याने मला आणलं. शाळा चौथीपर्यंत. हे काम मी माझ्या आईकडून शिकले. बाळंतिणीला मालीश, बाळाला तेल लावून पायांवर आंघोळ आणि टाळू भरणं, म्हणजे डोक्याच्या मऊ जागेवर तेल जिरवणं. धुरी-शेगडी इथे चालत नाही. जरा धूर झाला की छतातली घंटा वाजते आणि सगळी बिल्डिंग खाली जमते.

केदारच्या बायकोला, अनघाला, जुळं झालं होतं, मुलगा आणि मुलगी. ऑपरेशन करून. महिना व्हायला आला होता. मुलगा आधीपासून लहान. दोन दिवस तो दूध नीट ओढत नव्हता आणि पिवळट दिसत होता. जुळ्यांची कावीळ रेंगाळते, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

अँब्युलन्समधून केदार आणि शैलाताई गेले. अनघाला टाके होते आणि मुलगी अंगावर पीत होती, म्हणून ती घरी राहिली. मी तिच्याजवळ थांबले.

अनघा युनिव्हर्सिटीत संशोधन करते. विषय आफ्रिकेतला मलेरिया. एखाद्या गावात किती जणांना तो आहे आणि त्यांनाच का होतो, हे ती शोधते. घर दलदलीजवळ आहे का, मच्छरदाणी फाटकी आहे का, गुरं घरात बांधतात का. अशा गोष्टींना त्यांच्यात रिस्क फॅक्टर म्हणतात. ज्यांच्यामुळे आजार गाठायची शक्यता वाढते, त्या गोष्टी. मालीश करताना ती मला हे सांगायची. गावातल्या मुलांना निजवून, गुडघे वाकवून, डावीकडच्या फासळीखाली बोटं घालून प्लीहा लागते का ते बघतात. आमच्याकडे तिला पाणथरी म्हणतात. धडधाकट मुलाची ती हाताला लागत नाही. मलेरिया झालेल्या मुलाची सुजून खाली येते. किती मुलांची लागली, त्यावरून गावाचा अंदाज येतो.

"मीपण तुमच्यासारखं पोटं दाबूनच पोट भरते, मावशी," ती म्हणायची.

"आणि तुला गं? तुला डास ओळखून सोडून देतात?"

"आम्ही मोजणारे. आम्हाला कोण मोजतंय?"

तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

दुपारी केदारचा फोन आला. अनघाने स्पीकरवर टाकला.

"रक्तात इन्फेक्शन आहे म्हणतायत. अँटिबायोटिक चालू केलंय. रक्त पण चढवतायत."

"अजून काय विचारलं?"

"प्रेग्नन्सीत परदेशात गेली होती का, असं डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हटलं. आई बाजूलाच होती."

 अनघा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"इथिओपियाला. तिसरा लागला होता."

आधी तिचा एक गर्भ पडला होता. त्यानंतर दिवस राहिले तेव्हा शैलाताईंनी फोनवर बजावलं होतं, या वेळी कुठे हलायचं नाही. गेली नसती तर प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हातात गेला असता. म्हणून नवरा-बायकोने घरी सांगितलं की ओसाकाला ट्रेनिंग आहे.

"मग सांग की डॉक्टरला."

"मावशी, मी गोळ्या घेत होते. जाळीत झोपत होते. निघताना टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. मलेरिया कसा होतो ते मला शिकवू नका."

मी शिकवत नव्हते. त्यात तिची डॉक्टरेट होती. मी मुलीचे कपडे बदलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा गेला. केदारने फोन केला. तो बोलत असताना मागून शैलाताईंचा आवाज येत होता. त्या रडत नव्हत्या, कोणाला तरी "त्याचे पाय झाका" असं मराठीत सांगत होत्या. तिथे ते कोणाला कळणार होतं.

अनघा भिंतीला टेकून खाली बसली. मी मुलीला उचललं आणि अंग गरम लागलं. अनघाला सांगावं की नाही, असा विचार करण्यात अर्थ नव्हता. सांगितलं.

ती उठली. मुलीला गादीवर उताणं ठेवलं, गुडघे वाकवले आणि डावीकडे फासळीखाली दोन बोटं ठेवली. गावातल्या पोरांना तपासत असेल तशीच, चेहऱ्यावर काही न दाखवता. बोटं काढली, परत ठेवली.

"लागतेय," ती म्हणाली.

ते पोट मी रोज चोळत होते. मला काही कळलं नव्हतं. मी वायू सरावा म्हणून चोळते, प्लीहा शोधायला नाही.

टॅक्सीने गेलो. मुलगी माझ्या मांडीवर होती, अनघा पोटाचे टाके धरून बसली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शैलाताई खुर्चीवर होत्या. डॉक्टर केदारशी बोलत उभे होते. अनघा थेट त्यांच्यापुढे गेली.

"अनघा, आत जाऊन बोलू," केदार म्हणाला.

"इथेच."

ती जपानीत बोलली. मला दोनच शब्द कळले, आफुरिका आणि मरारिया. शैलाताईंनाही तेवढेच कळले असणार. डॉक्टरांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि ते जवळजवळ पळतच आत गेले.

"कधी?" शैलाताईंनी विचारलं.

"तिसऱ्या महिन्यात."

"ओसाका?"

"ओसाका नव्हतं, आई."

केदार मध्ये पडला. "आई, आत्ता नको ना."

"तू बोलूच नकोस. डॉक्टरांनी तुला विचारलं आणि तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलंस. मी पाहिलं होतं. मला वाटलं, माझ्याकडून धीर घेतोयस."

 अनघा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. शैलाताई उठून गेल्या नाहीत, एवढंच.

मलेरिया काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघावा लागतो. इथे तो आजार नाही, त्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय बघत नाहीत. मुलीच्या रक्तात तो होता. मुलाचं रक्त ठेवलेलं होतं, तेही पाहिलं. त्यातही होता. अनघाच्याही. हा एक प्रकार असा आहे की तो लिव्हरमध्ये दडून बसतो, टेस्टमध्ये येत नाही आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. नवव्यात तिला दोन दिवस ताप आला होता. तेव्हा फ्लू म्हणून सोडून दिला होता. त्याच वेळी मलेरिया तिच्या रक्तातून पोटातल्या दोन्ही बाळांत गेला होता.

औषध त्या हॉस्पिटलात नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलातून आणेपर्यंत मुलीलाही रक्त चढवावं लागलं.

अनघा अजून तेच काम करते. पण आता त्यांच्या टीममधून आफ्रिकेला जाऊन येणाऱ्या प्रत्येकाला पुढे कित्येक महिने तपासतात, असं तिने मला सांगितलं. मी बरं म्हटलं. शैलाताई पुण्याला परत गेल्या. व्हिडिओ कॉलवर नातीशी बोलतात, सुनेशी कामापुरतं.

मी आता नवीन काम घेतलं की पहिल्याच दिवशी सासूला, आईला, नवऱ्याला, जो कोण असेल त्याला खोलीबाहेर काढते. दार लावते आणि बाळंतिणीला विचारते, बाळ पोटात असताना कुठे कुठे गेली होतीस. मला नाही सांगितलंस तरी चालेल, डॉक्टरला सांग. काहीजणींना राग येतो. दोघीतिघींनी मला परत बोलावलं नाही.

अनघा आणि तिची मुलगी जगल्या. मुलगा महिन्याचाही झाला नाही.