तात्याबाचं नाक

कुंभारीच्या जत्रेत बैलगाड्यांची शर्यत सुटण्याआधी सगळी जत्रा एका नाकाकडे डोळे लावून बसायची. ते नाक तात्याबाचं. बैलांच्या खुरांना पत्री मारण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, पण पत्रीला विचारतो कोण! शर्यतीआधी बैलाला शिंदी, म्हणजे ताडीसारखी दारू, पाजायची खोड तिकडे जुनी. तीस सालच्या कायदेभंगाच्या चळवळीत दारूबंदीसाठी शिंदीची झाडं तोडून झाली, तरी बैलांच्या नशिबाची शिंदी कुठून ना कुठून यायचीच. म्हणून पंचांनी तात्याबाला नेमलं. त्यानं बैलाच्या तोंडाशी वाकून वास घ्यायचा आणि ‘चोख’ किंवा ‘बाद’ म्हणायचं. या मानापायी तो जत्रेच्या दिवशी गुलाबी पटका बांधायचा आणि जेवतानासुद्धा उतरवायचा नाही.

आता खरं सांगायचं तर त्या नाकात काही उरलं नव्हतं. तपकिरीनं ते कधीच निकामी केलं होतं. हे ठाऊक होतं फक्त बायकोला, मुक्ताबाईला. चुलीवरचं दूध करपून घरभर धूर झाला, तरी हा शेजारी बसून ‘चा झाला का?’ विचारत होता. तेव्हाच तिनं कपाळाला हात लावला होता.

मग हा बैल ओळखायचा कसा? बेटा मोठा बिलंदर. वाकायचा बैलाच्या तोंडाशी, पण बघायचा मालकाच्या तोंडाकडे. चोर असेल तो उगाच हसतो, ख्यालीखुशाली विचारतो. साव असेल तो चिडतो. एवढ्यावर आजवर भागलं होतं. हळूहळू त्यालाच वाटू लागलं होतं, की आपण नाकानंच ओळखतो.

त्या साली जत्रेच्या सकाळीच त्याची तपकिरीची डबी हरवली.

“माजी डबी कुटं हाय?”

“मला काय ठावं? हुडका की!” मुक्ताबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

तात्याबा तसाच, रुसलेल्या नाकानं माळावर गेला. पहिली जोडी अक्कलकोटकडच्या रेवणप्पाची. तात्याबा वाकला, तसा रेवणप्पा कानडीत खेकसला आणि मग मराठीत म्हणाला, “आटपा की! बैलं उनात किती उबी करायची?”

“चोख!” तात्याबानं सांगून टाकलं.

दुसरी जोडी मुक्ताबाईच्या धाकट्या भावाची, मानसिंगची. तात्याबा वाकला मात्र, मानसिंग गालात हसला. “दाजी, घरी समदं बरं हाय न्हवं?” असं म्हणून कोपरीच्या खिशावर हात दाबू लागला.

सख्खा मेहुणा! पण पटक्याची शान राखायला हवी.

“बाद!”

“दाजी, बैलाच्या गळ्याची आण! वर्षभर पेंडीशिवाय कायबी दावलं न्हाय वो!” मानसिंगचे डोळे भरून आले. पंचांनी त्याची गाडी बाजूला काढली.

शर्यत रेवणप्पानं मारली. तात्याबा ऐटीत पुढं झाला, जिंकलेल्या बैलाच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “बैल असावा तर असा! निव्वळ दुधावर वाढलेला!”

त्याच क्षणी बैलानं ढेकर दिली.

साधीसुधी नव्हे, पोटाच्या तळातून आलेली, आंबूस, शिंदीनं भिजलेली ढेकर. पंचांची उपरणी नाकाला गेली, बायकांचे पदर नाकाला गेले, रेवणप्पासुद्धा नाक दाबून आपल्या गाडीवानाकडे डोळे वटारून बघू लागला. गाडीवानानं मालकाच्या चोरून कारभार उरकला होता. अख्ख्या जत्रेत एकच नाक उघडं होतं, आणि ते बैलाच्या तोंडाशी हसत होतं.

मानसिंग पुढं आला. खिशातून तपकिरीची डबी काढून त्यानं तात्याबाच्या हातावर ठेवली.

“आक्कानं हिरीत टाकाय दिल्ती, दाजी. तुमची सवं मोडावी म्हून. तेवड्यासाटनं हासलो मी.”

तात्याबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबी त्यानं उघडली नाही. गुलाबी पटका सोडला आणि मानसिंगच्या बैलाच्या शिंगांना गुंडाळला.

“नाक कवाच गेलंय माजं,” तो पंचांना म्हणाला. “तुमी दुसरं बगा.”

पंचांनी दुसरं बघितलं. पुढच्या जत्रेत वास घ्यायला मुक्ताबाई उभी राहिली. पहिली जोडी समोर आली, तशी ती म्हणाली, “जरा थांबा,” आणि वळून आधी तात्याबाच्या उपरण्याला तपकिरीचा वास येतो का ते हुंगलं.

“बाद!” ती म्हणाली, आणि त्याला माळाबाहेर पाठवून दिलं.